मनू, तुझ्या स्पेअरच्या यादीबद्दल

मनू,

ट्रकमागे ओढायच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे त्या चाकांवरच्या घरात, रानात राहायला जाताना बरोबर न्यायच्या स्पेअर पार्टची तुझी यादी वाचली. मेहनत घेतलीयेस ते दिसतंय, पण खरं सांगू का, ही घाबरून केलेली यादी आहे. जे मोठं आणि महाग ते सगळं वर, म्हणजे दुसरा इन्व्हर्टर, अख्खं एसी युनिट, फ्रिजचं कूलिंग युनिट, आणि फ्यूज कुठे तर अगदी तळाशी "थोडे फ्यूज" एवढंच. थोडे म्हणजे किती आणि कुठले गं?

इतकी वर्षं मेंटेनन्सचं स्टोअर सांभाळलं त्यात एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, की पार्टची किंमत आणि पार्टचं महत्त्व यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. आम्ही माल दोन पद्धतीने लावायचो. एक एबीसी, म्हणजे पैशावरून, वर्षभरात ज्यावर जास्त पैसा जातो ते ए मध्ये आणि किरकोळ सी मध्ये. दुसरी व्हीईडी, व्हायटल, इसेन्शियल, डिझायरेबल, म्हणजे हे नसेल तर काय थांबतं यावरून. तू यादी केलीयेस एबीसीने आणि राहायला चाललीयेस अशा ठिकाणी जिथे फक्त व्हीईडी चालते. प्रत्येक ओळीसमोर दोन प्रश्न लिही, हे बंद पडलं तर याच्याशिवाय मी किती दिवस काढू शकते, आणि मागवलं तर हातात पडायला किती दिवस लागतील. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल तर ती वस्तू गाडीत हवी, नाहीतर नको. एसी बंद पडला तर तू गाडी सावलीत लावशील, चिडचिड करशील, पण राहशील. पाण्याचा पंप बंद पडला तर टाकी भरलेली असून नळाला थेंब नाही.

म्हणून पंपापासूनच सुरू करते. तुझा पंप १२ व्होल्टचा डायफ्रामवाला आहे, म्हणजे आतला रबरी पडदा हलून पाणी ढकलणारा, बहुतेक आरव्हीत (अशा राहायच्या गाड्यांत) तोच असतो. त्याची मोटर सहसा लवकर जात नाही, जातात ते प्रेशर स्विच, आतले छोटे व्हॉल्व आणि डायफ्राम, आणि ते पंपाच्या पुढच्या डोक्यात असतात, त्याचं किट वेगळं मिळतं. तरी पाण्याच्या बाबतीत मी म्हणेन अख्खा पंपच स्पेअर ठेव, लहान असतो, हलका असतो. पण डब्यात ठेवू नकोस! नवीन पंप आला की तो लगेच बसव आणि जुना चालू असलेला काढून, आतलं पाणी झटकून, स्पेअर म्हणून ठेव. यात तीन गोष्टी होतात, नवीन पीस खराब निघाला तर परत पाठवायची मुदत असतानाच कळतं, पोर्ट जुळतात की नाही ते कळतं (तोच पंप वेगवेगळ्या फिटिंगमध्ये येतो, फोटोत सगळे सारखेच दिसतात), आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुझ्या हाताला ते काम एकदा झालेलं असतं. जे कधी स्वतः बदललेलं नाही ते स्पेअर म्हणजे नुसतं वजन. हा नियम मी फक्त पंपाला नाही, रेग्युलेटरला, टॉयलेटच्या सीलला, जे जे निघतं त्याला लावीन. पंपाच्या आधी जी जाळीची गाळणी असते तिची वाटी प्लास्टिकची असते आणि थंडीत आत पाणी राहिलं की तडकते, ती एक जास्तीची ठेव. तडा बारीक असेल तर पाणी गळत नाही पण पंप हवा ओढतो, आणि माणूस पंपालाच दोष देत बसतो. आणि कुठलाच नळ उघडा नसताना पंप मध्येच रात्री एकदा घुर्रर्र करून थांबत असेल तर कुठेतरी गळतंय किंवा पंपाचा आतला चेक व्हॉल्व (पाणी उलटं जाऊ न देणारा) पकडत नाहीये, फळी उचलून सगळे सांधे कोरड्या टिश्यूने पुसून बघ. बाकी पाईपचं म्हणशील तर पेक्सचा, म्हणजे पाण्याच्या प्लास्टिक पाईपचा, एखादा मीटर तुकडा, दाबून बसतात ते जोड चारसहा, होज क्लॅम्प, रबरी वॉशर, टेफ्लॉन टेप, आणि ती स्वतःला चिकटणारी सिलिकॉनची टेप, एवढ्यात बरंच निभतं.

आता हीटरची भट्टी. तू यादीत ब्लोअर मोटर लिहिलीयेस, ती राहू दे, पण सेल स्विच लिहिलेला नाहीस. पंख्याची हवा नीट वाहतेय हे त्या स्विचच्या पातळ पात्याला कळलं तरच गॅस सुटतो, सुरक्षेसाठीच आहे ते. त्यावर धूळ, केस, लोकर बसली की पातं हलत नाही आणि भट्टी पंखा फिरवते पण पेटत नाही. तळहातावर मावणारा पार्ट, पण तो नसेल तर रात्रभर कुडकुडायचं. मात्र ऐक, पंखा फिरतोय आणि भट्टी पेटत नाही म्हटल्यावर लगेच स्विच बदलायला बसू नकोस, आधी बॅटरी मीटरने बघ. व्होल्टेज पडलं असेल तर पंखा हळू फिरतो, पातं पूर्ण ढकललं जात नाही, आणि लक्षण अगदी तेच दिसतं. असे चांगले पार्ट फेकलेले मी ढिगाने पाहिलेत, दोष दुसरीकडेच असायचा. त्यामुळे यादीत सगळ्यात वर एक बरा मल्टीमीटर आणि त्याचे जास्तीचे सेल. तुझी बॅटरी लेड ॲसिड असेल तर थोडा वेळ काही न चालवता मोजल्यावर १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२ वर आली म्हणजे अर्ध्याच्याही खाली. लिथियम असेल तर या आकड्यांवर जाऊ नकोस, तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं, तिथे बॅटरीत किती करंट गेला-आला ते मोजणारा शंटवाला मॉनिटरच खरं सांगतो. आणि लिथियम शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही, त्याला कुठलं स्पेअर उपयोगी पडत नाही, बॅटरीच जाते.

फ्यूजचं आता सविस्तर, कारण "थोडे फ्यूज" वाचून मला हसू आलं. पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात, १० ॲम्पियर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. पॅनलचं झाकण उघडून जे जे आहेत ते मोज आणि प्रत्येकाचे पाचेक ठेव. पण खरा फ्यूज वेगळाच आहे, बॅटरी आणि इन्व्हर्टरच्या मधला जाडा, बोल्टने कसलेला. तो कुठल्याही पेट्रोल पंपावर मिळणार नाही. तो गेला तर सगळी वीज बंद, आणि मग माणसं काय करतात तर तिथे बोल्ट नाहीतर तार लावतात, आणि आग लागते. लिथियम असेल तर तिथे क्लास टी जातीचा फ्यूज हवा, कारण शॉर्ट झाल्यावर लिथियम इतका करंट सोडते की साधा फ्यूज तो तोडू शकेलच असं नाही. त्याच रेटिंगचे दोन ठेव आणि फ्यूजच्या शेजारी बांधून ठेव म्हणजे अंधारात शोधायला नको. केबलच्या टोकाला बसवायचे लग, ते दाबून बसवायचं क्रिम्पचं हत्यार, हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), आणि सोलरचे एमसी४ कनेक्टर दोनचार जोड्या. दुसरा इन्व्हर्टर खोड. त्याऐवजी फोन, लॅपटॉप, दिवे हे थेट १२ व्होल्टवर चालतील अशी सोय कर, मग इन्व्हर्टर गेला तरी ती गैरसोय राहते, संकट नाही.

हेच मला सगळीकडे सांगायचंय बघ, प्रत्येक गोष्टीला तसाच दुसरा पीस लागतो असं नाही, कधी दुसरा मार्ग पुरतो. गॅसची शेगडी बिघडली तर एकट्याने चालणारा छोटा स्टोव्ह, तोही बाहेर नाहीतर सगळं उघडं ठेवून. पंप गेला आणि तुला बदलायचा वेळ नाही, तर नळाची तोटी असलेला पाण्याचा कॅन ओट्यावर. फ्रिजचं कूलिंग युनिट तू रानात बसून बदलणार आहेस का? नाही ना, मग ते घेऊन हिंडायचं कशाला. गॅसवर चालणाऱ्या तुझ्या फ्रिजसाठी ठिणगीचा इलेक्ट्रोड आणि मिळाला तर कंट्रोल बोर्ड, बस्स, आणि गाडी लेव्हलला उभी करत जा, तिरक्या गाडीत तो फ्रिज हळूहळू मरतो.

गॅसचा रेग्युलेटर मात्र व्हायटल. शेगडी, भट्टी, पाण्याचा हीटर आणि फ्रिज चारही त्या एकावर लटकलेले आहेत. एक रेग्युलेटर आणि सिलिंडरला जोडायची नळी, दोन्ही ठेव, बदलल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघ, काडी लावून नाही. पाण्याच्या हीटरची टाकी स्टीलची असेल तर आत बळीचा बकरा असतो, ॲनोड रॉड, तो स्वतः झिजतो म्हणून टाकी वाचते. बराचसा खाल्ला गेला की बदल. टाकी ॲल्युमिनियमची असेल तर तो लागतच नाही, आधी बघून घे नाहीतर उगाच घेशील.

चाकांबद्दल तू दोनच शब्द लिहिलेस, "एक स्टेपनी". ट्रेलरचं टायर घिसून जायच्या आधी वयाने जातं. टायरच्या कडेवर डॉट लिहिलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे बघ, २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. रबर जाड दिसतंय म्हणून फसू नकोस, आणि स्टेपनीचंही बघ, ती तर पहिल्या दिवसापासून उन्हात लटकलेली असते. त्यानंतर बेअरिंग. वर्षातून एकदा किंवा १२००० मैलांना काढून, धुऊन, पुन्हा ग्रीस भरायचं, आणि काढलं की ऑईल सील नवीनच टाकायचं, म्हणजे सील हे स्पेअर नाही, नेहमीचा खर्चाचा माल आहे. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, ३५०० पौंडाच्या ॲक्सलवर आतलं एल-६८१४९ आणि बाहेरचं एल-४४६४९ असं खूपदा निघतं, पण तू तुझं उघडून वाच, नेटवरचं वाचून घेऊ नकोस. आणि सुटे बेअरिंग ठेवण्यापेक्षा एक सल्ला देते, जागा असेल तर बेअरिंग, सील, ग्रीस सगळं भरून तयार केलेला अख्खा हबच (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) ठेव, पिशवीत घट्ट बांधून. बेअरिंग रस्त्यात जळालं की बाहेरची रिंग हबमध्ये अडकलेली असते, कधी कधी आतली रिंग स्पिंडलवरपण (ॲक्सलच्या टोकावर) चिकटते, त्या छिन्नी हातोड्याने रस्त्याच्या कडेला काढणं म्हणजे अर्धा दिवस आणि बोटं फुटणार ते वेगळंच, तयार हब असेल आणि स्पिंडल शाबूत असेल तर थोड्या वेळात चाक परत जागेवर. जड आहे कबूल, पण इन्व्हर्टर खोडलास ना, त्याचं वजन इथे लाव. स्प्लिट पिन मूठभर ठेव, जुनी पिन परत वाकवून घालायची नाही. जॅक ट्रेलरखाली खरंच बसतो का ते घरीच बघ, आणि टॉर्क पाना (नट ठरावीक जोराने कसणारा) हवाच, नवीन चाक लावल्यावर थोडं चालवून नट पुन्हा तपासायचे असतात.

ट्रकचं मी जास्त लिहीत नाही, बेल्ट, रेडिएटरचे होज, कूलंट, फिल्टर, बल्ब, रिले, हे तुला माहितीये.

छताला सेल्फ लेव्हलिंग, म्हणजे आपोआप पसरून सपाट होणाऱ्या सीलंटची ट्यूब आणि छताच्या पट्टीचा रोल. साधं सिलिकॉन रबरी छतावर अजिबात लावू नकोस, एकदा लावलं की पुढे त्यावर दुसरं काही धरत नाही. आणि या ट्यूबला तारीख असते, ग्लूला असते, पंक्चरच्या सोल्यूशनला तर उघडल्यावर काही महिन्यांत वाळायची सवयच आहे. म्हणून प्रत्येक वस्तूवर मार्करने आणल्याचा महिना लिही आणि आधी आलेलं आधी वापर. रबरी सील अंधारात, थंड जागी, चपटे ठेव, मुडपून नको, आणि त्यांना व्हॅसलीन लावू नकोस, काही रबर त्याने फुगतं, सिलिकॉन ग्रीस लाव.

आता बिन कार्ड, म्हणजे स्टोअरमधली मालाची नोंद. हसू नकोस! एक वही पुरे, फोनवर फोटो पण ठेव. प्रत्येक यंत्रावरची पाटी, मॉडेल आणि सिरीयल नंबर दिसेल असा फोटो, स्पेअर कुठल्या डब्यात आहे, किती आहेत, आणि किती उरले की मागवायचं. शेवटचा वापरून संपल्यावर नाही, शेवटचा एक उरला की मागवायचं, गावात किराण्याला जाशील त्याच फेरीत. आणि सगळं भरून झालं की गाडी पाण्यासकट काट्यावर घाल, दर लिटर पाण्याचं एक किलो धर, ट्रेलरच्या पाटीवर जे कमाल वजन लिहिलंय त्याच्या खाली बसलंच पाहिजे. स्पेअरच्या वजनाने टायर फुटला तर काय उपयोग. जड डबे खाली, ॲक्सलच्या जवळ, सगळे मागच्या टोकाला नकोत, मागे वजन झालं की ट्रेलर डुलायला लागतो.

सुधारलेली यादी रविवारी पाठव, मी पुन्हा बघते. आणि त्याच्या आधी आज एक काम कर, कार्बन मोनॉक्साइडचा आणि गॅसगळतीचा असे दोन्ही अलार्म भिंतीवरून काढ आणि मागची तारीख वाच. त्यातला सेन्सर साधारण ५ ते ७ वर्षांत म्हातारा होतो, टेस्टचं बटण दाबल्यावर वाजतो तरी, कारण ते बटण भोंगा तपासतं, सेन्सर नाही. तारीख गेलेली असेल तर यादीबिदी नंतर, आधी ते दोन माग.

आई

ता. क. टॉयलेटचं सील राहिलं बघ. एक ठेव. बाबा म्हणतात दोन ठेव.