किशोर कादंबऱ्यांनाही यादीत जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वर्षभरातल्या वाचनीय पुस्तकांची आपली पुरवणी मी दर डिसेंबरात जपून ठेवते. यंदाही ठेवली. कथा, चरित्रं, वैचारिक ग्रंथ, अनुवाद अशा सगळ्यांची तीत दखल आहे, पण किशोरवयीन वाचकांच्या कादंबऱ्या आणि फँटसी यांच्या वाट्याला एक ओळही आलेली नाही. म्हणून हे पत्र.

यंदा मी आणि माझी चौदा वर्षांची भाची मिळून याच प्रकारची पुस्तकं वाचत होतो. प्रत एकच, खुणेच्या पट्ट्या दोन. यातली बरीचशी पुस्तकं जुनी आहेत, आमच्या हाती यंदा पडली इतकंच.

मला सर्वांत आवडली ती फ्रान्सिस हार्डिंज यांची 'द लाय ट्री' (2015). काळ एकोणिसाव्या शतकाचा, डार्विनच्या सिद्धांतानं घराघरांत वाद पेटवलेला. फेथ ही चौदा वर्षांची मुलगी हुशार आहे, पण तिची हुशारी कुणालाच नको आहे. वडिलांच्या संशयास्पद मृत्यूनंतर त्यांनी लपवून ठेवलेलं एक झाड तिला सापडतं. ते अंधारात वाढतं, ऊन लागलं की पेट घेतं. त्याच्या कानात खोटं सांगायचं आणि मग तेच खोटं गावभर पसरवायचं. जितके लोक विश्वास ठेवतील तितकं फळ मोठं, आणि ते फळ खाल्लं की एखादं दडलेलं सत्य दिसतं. सत्य शोधायला निघालेली मुलगी त्यासाठी पानागणिक अधिक सराईतपणे खोटं बोलू लागते. तिच्या बाजूनं उभं राहावं की तिला अडवावं, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. या कादंबरीला 'कोस्टा' या ब्रिटिश साहित्य पुरस्कारांतला त्या वर्षातल्या सर्वोत्तम पुस्तकाचा पुरस्कार मिळाला, तोही मोठ्यांच्या पुस्तकांना मागे टाकून.

असा मान त्याआधी मुलांच्या एकाच पुस्तकाला मिळाला होता, तेव्हा त्या पुरस्काराचं नाव 'व्हिटब्रेड' होतं. ते पुस्तक म्हणजे फिलिप पुलमन यांच्या त्रयीचा शेवटचा भाग. आम्ही अर्थात पहिल्यापासून सुरुवात केली, 'नॉर्दर्न लाइट्स' (1995). त्या जगात प्रत्येक माणसाचा जीव त्याच्याबरोबर प्राण्याच्या रूपात वावरतो. लहानपणी तो सतत रूप पालटतो, वयात येताना एका रूपात स्थिरावतो. मुलांपासून हा प्राणी तोडून काढणारी माणसंही तिथे आहेत. असा तोडलेला एक मुलगा नायिकेला सापडतो तेव्हा त्यानं आपल्या प्राण्याच्या जागी एक सुका मासा छातीशी घट्ट धरलेला असतो. या पानावर भाचीनं पुस्तक मिटलं आणि त्या दिवशी पुन्हा उघडलं नाही. माझीही पट्टी दोन दिवस तिथेच होती.

'अ मॉन्स्टर कॉल्स'बद्दल लिहिताना अजूनही जड जातं. शिवॉन डाउड यांना ही कल्पना सुचली, पण त्या 2007 मध्ये कर्करोगानं गेल्या. पुस्तक लिहिलं पॅट्रिक नेस यांनी. आई आजारी असलेल्या मुलाकडे रात्री 12 वाजून 7 मिनिटांनी यू नावाच्या सदाहरित झाडाचा राक्षस येतो, तीन गोष्टी सांगतो आणि चौथी त्याच्याकडून मागतो. कर्करोगावरची काही औषधं खरोखरच यूच्या झाडापासून आली आहेत, हे माहीत असलं की त्या झाडाकडे बघणारा मुलगा आणखीच जवळचा वाटतो. आपल्या माणसाचं दुखणं आता संपावं, असं मनात येणं आणि त्याचीच लाज वाटणं, हे इतक्या सरळ शब्दांत मी मोठ्यांच्या कादंबऱ्यांत क्वचितच वाचलंय.

अर्सुला ल ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (1968) मी तिसऱ्यांदा वाचली, भाचीनं पहिल्यांदा. गेड हा तांबूस-सावळ्या वर्णाचा मुलगा घमेंडीत एक सावली मोकळी सोडतो आणि मग तिच्यापासून पळत सुटतो. शेवट इथे सांगत नाही, पण तो वाचून भाची म्हणाली, "आत्या, यात लढाई झालीच नाही, तरी तो जिंकला."

हल्लीच्या गाजणाऱ्या फँटसींपैकी काही आम्ही अर्ध्यात सोडल्या. त्यांतला ड्रॅगन किंवा राजवाडा काढून टाकला असता तरी प्रेमकथेचं काही अडलं नसतं. वरच्या पुस्तकांतून ते झाड, तो प्राणी किंवा ती सावली काढून बघा, गोष्टच उरत नाही. माझी निवड याच कसोटीवर झाली आहे.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या डिसेंबरात या पुस्तकांना अर्धं पान द्यावं आणि ते चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकांकडूनच लिहून घ्यावं. भाचीनं तिच्या यादीची वही आतापासूनच घातली आहे. तिच्या यादीत 'द लाय ट्री' तिसरी आहे, आणि त्यावरून आमचं अजून भांडण चालू आहे.

आपली नम्र,
एक नियमित वाचक