एक्स-रे यंत्रावरून खताची मात्रा ठरत नाही

महोदय,

हातात धरायच्या एक्स-रे यंत्राने ‘झटपट माती परीक्षण’ हा दावा अर्धाच खरा. यंत्र लोह, जस्त, कॅल्शियमचे एकूण प्रमाण दाखवते. पिकाला त्यातले किती मिळेल, हे नाही. चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असूनही ऊस पिवळा पडतो, तो म्हणूनच. पिकाला घेता येणाऱ्या, म्हणजे उपलब्ध जस्तासाठी डीटीपीए ही प्रयोगशाळेतली रासायनिक चाचणीच हवी. नत्र, सेंद्रिय कर्ब, बोरॉन तर एक्स-रे यंत्राला दिसतच नाहीत!

ओल्या मातीवर यंत्र टेकवू नये. पाणी किरणे शोषते, आकडे घसरतात. नमुना वाळवून, कुटून, २ मिमी चाळणीतून गाळून ६० ते ९० सेकंद मोजावा. नमुन्याची पुडी बोटांत धरून मोजणे धोक्याचे, किरणे बोटांवर पडतात. शिशाच्या प्रदूषणाची चाचपणी करायला यंत्र उत्तम. मात्र शिसे जास्त असेल, तर दोघांचे संकेत एकमेकांत मिसळतात; म्हणून आर्सेनिकचा आकडा प्रयोगशाळेतून पडताळावा.

– एक मृदा परीक्षक