‘फक्त ज्यूसच तर घेतो’

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वजन उतरवण्यासाठी आणि शरीरातील ‘विषद्रव्ये’ बाहेर काढण्यासाठी तीन, पाच किंवा सात दिवस केवळ फळाभाज्यांच्या रसावर राहण्याचे कार्यक्रम आपल्या आरोग्यविषयक पुरवणीत अधूनमधून प्रसिद्ध होतात. त्यांत रसांच्या कृती नेटक्या दिलेल्या असतात, दिवसभराचे वेळापत्रक असते, त्वचा उजळेल, पचन सुधारेल, झोप शांत लागेल अशी आश्वासनेही असतात. पण हा प्रयोग कोणी करू नये, याविषयी एक ओळही नसते. मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांना आहारसल्ला देण्यात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली. त्या अनुभवावरून सांगावेसे वाटते की, मात्रा आणि प्रकृती न पाहता सरसकट सर्वांना दिलेला ज्यूसचा सल्ला हा रुग्ण न तपासता लिहिलेल्या औषधाच्या चिठ्ठीइतकाच जोखमीचा आहे.

आधी मात्रेविषयी. संत्र्याचा एक मोठा पेला भरायला तीन-चार संत्री लागतात. तीच संत्री एकापाठोपाठ एक सोलून, चावून खायला बसले तर दुसऱ्या-तिसऱ्या फळाशी बहुतेकांचा हात थांबतो. रस मात्र दोन मिनिटांत पोटात जातो आणि ज्यूसरमध्ये उरलेला चोथा, ज्यात फळातील बहुतेक तंतू असतात, तो कचऱ्याच्या डब्यात जातो. १९७७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिस्टलच्या संशोधकांनी याच गोष्टीची मोजदाद प्रसिद्ध केली होती. त्यांनी निरोगी माणसांना सफरचंद तीन रूपांत दिले: अख्खे, गर करून आणि रस काढून. तिन्हींतील कर्बोदकांचे प्रमाण सारखेच होते. अख्ख्या फळापेक्षा रस अकरा पट वेगाने पिऊन झाला, पोट भरल्याची भावना रसाने सर्वांत कमी आली, आणि रस प्यायल्यानंतर इन्सुलिन अधिक वाढून पुढे रक्तातील साखर मूळ पातळीच्याही खाली घसरली. ज्यूसवर राहणाऱ्यांना दोन तासांनी जी थरथर, चिडचिड आणि डोकेदुखी जाणवते, तिला ‘विषद्रव्ये बाहेर पडत असल्याची खूण’ म्हटले जाते. तिचे साधे कारण बहुधा उपासमारीत, साखरेच्या चढउतारात किंवा चहा-कॉफी एकदम बंद केल्यात सापडेल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मुक्त शर्करेविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांत वरून घातलेल्या साखरेबरोबर फळांच्या रसातील साखरही त्याच गटात धरली आहे. अख्ख्या फळातील साखर त्यात धरलेली नाही. दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी दहा टक्क्यांहून कमी, आणि शक्य तर पाच टक्क्यांहून कमी ऊर्जा या शर्करेतून यावी, अशी ती शिफारस आहे. दोन हजार कॅलरींच्या आहारात हे प्रमाण अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होते. संत्र्याच्या रसाच्या २४० मिलिलिटरच्या पेल्यात वीस ग्रॅमहून थोडी अधिक साखर असते, मग ती वरून एक चमचाही घातलेली नसो. दिवसाला सहा पेले रस सांगणाऱ्या कार्यक्रमात, त्यांतले निम्मे जरी फळांचे असले तरी, ही मर्यादा कोठे राहते हे वाचकांनीच पाहावे. हार्वर्डच्या संशोधकांनी १ लाख ८७ हजारांहून अधिक लोकांच्या अनेक वर्षांच्या नोंदी अभ्यासून २०१३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष मांडला होता की, अख्खी फळे, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षे आणि सफरचंद, अधिक खाणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण कमी आढळले, तर फळांचा रस अधिक पिणाऱ्यांत ते जास्त आढळले. असे अभ्यास कार्यकारणभाव सिद्ध करीत नाहीत, हे मान्य करूनही दोन्ही दिशा परस्परविरुद्ध असणे बोलके आहे.

निरोगी माणसाने जेवणाबरोबर लहान पेलाभर रस घेतल्याने काही बिघडत नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. माझा आक्षेप जेवणाची जागा रसाने घेण्याला आहे, आणि त्याहूनही अधिक, ज्यांच्या शरीराला हा भार पेलणार नाही त्यांनाही तो सुचवण्याला आहे.

त्यातील सर्वांत दुर्लक्षित धोका ऑक्झलेटचा. पालक, बीट, बीटची पाने आणि इतर काही पालेभाज्यांत हे द्रव्य भरपूर असते. साधारण आहारातून दिवसाला सुमारे १०० ते २०० मिलिग्रॅम ऑक्झलेट पोटात जाते. १०० ग्रॅम कच्च्या पालकातच ते ६०० मिलिग्रॅमहून अधिक असू शकते. भाजी उकळून पाणी टाकून दिले तर त्यातले बरेचसे निघून जाते, आणि जेवणात दुधाचे पदार्थ असतील तर त्यांतील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते व ते शौचावाटे बाहेर पडते. ‘हिरव्या ज्यूस’च्या प्रयोगात नेमक्या या दोन्ही वाटा बंद होतात: पाने कच्ची असतात आणि दूध-दही वर्ज्य असते. मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात शिरते, मूत्रपिंडात कॅल्शियमशी संयोग पावून त्याचे स्फटिक बनतात, आणि ते सूक्ष्म नलिकांमध्ये साचतात. कधी मुतखडा होतो. कधी, क्वचित का होईना, मूत्रपिंडच निकामी होते. २०१८ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ किडनी डिसीजेस’ने पासष्ट वर्षांच्या एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तिचे मूत्रपिंड आधी व्यवस्थित काम करीत होते. हिरव्या पालेभाज्यांच्या पेयांचा ‘क्लीन्स’, म्हणजे शुद्धीचा प्रयोग, केल्यानंतर ते बिघडले आणि पुन्हा सावरले नाही. तिच्यावर पूर्वी जठराच्या बायपासची शस्त्रक्रिया झाली होती आणि नुकतीच तिने दीर्घकाळ प्रतिजैविके घेतली होती. अशा शस्त्रक्रियेनंतर आतड्यात न शोषली गेलेली चरबी कॅल्शियम अडवून ठेवते, आणि ऑक्झलेट पचवणारे आतड्यातील जिवाणू प्रतिजैविकांनी मरतात, त्यामुळे अशांच्या बाबतीत धोका कितीतरी वाढतो. अशी शस्त्रक्रिया झाली आहे का, प्रतिजैविके घेतली आहेत का, हा प्रश्न कोणत्याही ज्यूसच्या कार्यक्रमात विचारलेला मी अद्याप वाचलेला नाही.

ज्यांचे मूत्रपिंड आधीच मंदावलेले आहे त्यांच्यासाठी पोटॅशियम हा वेगळा आणि अधिक तातडीचा धोका आहे. निरोगी मूत्रपिंड जास्तीचे पोटॅशियम सहज बाहेर टाकते. दुबळे मूत्रपिंड ते टाकू शकत नाही, आणि रक्तात ते फार वाढले तर हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो. रक्तदाबाच्या आणि हृदयविकाराच्या काही सर्रास वापरल्या जाणाऱ्या गोळ्यांनीही पोटॅशियम वाढते. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांच्या रक्तात ते वारंवार वाढलेले आढळे आणि कारण सापडत नव्हते. त्यांची आहाराची वही आदर्श म्हणावी अशी होती: दुपारच्या व रात्रीच्या जेवणातील घास न् घास लिहिलेला, भाज्या चिरून, उकळून, पाणी फेकून दिल्याची रोजची नोंद, केळ्यावर काट. सकाळचा रकाना तेवढा कोरा. सकाळी काय घेता, असे विचारल्यावर ते म्हणाले, “काही नाही, फक्त ज्यूसच तर घेतो.” गाजर, बीट, टोमॅटो आणि मूठभर पालक यांचा तो मोठा पेला होता. उकळून काढलेले सगळे पोटॅशियम त्या एका पेल्यातून परत येत होते. हे उत्तर मी पुढेही अनेकांकडून ऐकले. ज्यूसला लोक अन्नात धरीत नाहीत आणि औषधातही धरीत नाहीत, म्हणून तो डॉक्टरांना सांगायचा राहून जातो.

औषधांशी होणारा विरोध हा असाच सांगायचा राहून जाणारा विषय. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांचा डोस त्यांच्या नेहमीच्या आहाराला धरून, रक्त तपासून ठरवलेला असतो. हिरव्या पानांच्या रसातून ‘के’ जीवनसत्त्व एकदम वाढले तर औषधाचा परिणाम कमी होऊन गुठळी होण्याची भीती असते. ग्रेपफ्रूट या संत्र्याच्या कुळातील फळाची गोष्ट उलटी आहे. कॅनडात एका प्रयोगात मद्याची चव झाकण्यासाठी ग्रेपफ्रूटचा रस वापरला गेला, आणि फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाची रक्तातील पातळी अनपेक्षितपणे खूप वाढलेली आढळली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या योगायोगाच्या शोधातून पुढे कळले की, औषधे मोडणारे आतड्याच्या अस्तरातील एक विकर (एन्झाइम) हा रस निकामी करतो. नवे विकर तयार होईपर्यंत, म्हणजे दिवसभराहून अधिक काळ, त्याचा परिणाम राहतो. त्यामुळे गोळी सकाळी आणि रस रात्री घेतल्याने सुटका होत नाही. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या आणि प्रत्यारोपणानंतरची काही औषधे या यादीत येतात. पपनसातही हीच द्रव्ये असतात. मूत्रपिंडाच्या रुग्णांना स्टारफ्रूट, म्हणजेच कमरख, तर पूर्णपणे वर्ज्य आहे: त्याच्या रसाने न थांबणारी उचकी, गोंधळलेपणा, झटके आणि मृत्यूही ओढवल्याच्या नोंदी आहेत. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवण सोडून रसावर राहणे म्हणजे साखर कधी चढेल आणि कधी धोकादायकरीत्या उतरेल याचा भरवसा उरू न देणे होय.

आता ‘शुद्धी’च्या दाव्याविषयी. आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातून दीड-दोन लिटर लघवी होते. यकृत औषधे, मद्य आणि शरीरातील टाकाऊ द्रव्ये यांची विल्हेवाट लावते. हे काम करताना यकृताला अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, लागतात, आणि रसात प्रथिने जवळजवळ नसतात. ज्या अवयवाला मदत करायची म्हणून हा खटाटोप, त्याचेच साहित्य आपण तोडतो. २०१५ साली ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी बाजारातील ‘डिटॉक्स’ आहारांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांची परिणामकारकता तपासणारी एकही यादृच्छिक नियंत्रित चाचणी, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली तुलना, त्यांना आढळली नाही. दोन-तीन दिवसांत काट्यावर उतरलेल्या दोन किलोंचा उलगडाही फारसा अवघड नाही. यकृत व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. साठा संपला की पाणी जाते आणि नेहमीचे जेवण सुरू झाले की ते परत येते. प्रयोग लांबवला तर स्नायू झिजू लागतात, आणि फार वेगाने वजन उतरल्यास पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते.

याहून गंभीर म्हणजे उपचारांऐवजी रस घेणे. मॅक्स गर्सन यांच्या नावाने चालणाऱ्या पद्धतीत कर्करोगाच्या रुग्णाला दिवसभर तासातासाला रस आणि जोडीला कॉफीचा एनिमा दिला जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९४७ आणि १९५९ साली गर्सन यांच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा फायद्याचा पुरावा आढळला नव्हता. तरीही ही पद्धत आजही सुचवली जाते.

कच्च्या रसातील जंतूंचा मुद्दा थोडक्यात. फळाच्या सालीवरचे जिवाणू रस काढताना आत मिसळतात, आणि न तापवलेल्या रसात ते जिवंत राहतात. १९९६ साली अमेरिकेत पाश्चरीकरण न केलेल्या सफरचंदाच्या रसातून ‘ई. कोलाय ओ१५७’ या घातक जिवाणूची लागण होऊन साठाहून अधिक लोक आजारी पडले आणि सोळा महिन्यांच्या एका बालिकेचा मृत्यू झाला. त्यानंतर तेथील नियम कडक झाले. गर्भवती, वृद्ध, लहान मुले आणि प्रतिकारशक्ती दबलेले रुग्ण यांनी असा रस टाळणेच बरे. काकडी-दुधीसारख्या मुळात कडू नसलेल्या भाजीचा रस कडू लागला तर ‘कडू तेच गुणकारी’ म्हणून तो गिळू नये. तो कडूपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्याचा असतो आणि त्याने रक्ताच्या उलट्या होऊ शकतात. दातांचे म्हणाल तर लिंबाचा रस घोटघोट दिवसभर घेतल्याने दातांवरचे कवच झिजते, ते पुन्हा येत नाही. एक वर्षाखालील बाळाला फळांचा रस देऊच नये, अशी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१७ पासूनची सूचना आहे.

म्हणून आपणांस विनंती अशी की, असा कार्यक्रम छापायचाच असेल तर त्याच पानावर, कृतींइतक्याच ठळक अक्षरांत, एक चौकट द्यावी: मूत्रपिंडविकार, मुतखडा, मधुमेह, खाण्याशी संबंधित मानसिक विकार असलेले, जठर-आतड्यांची शस्त्रक्रिया झालेले, गर्भवती, आणि रक्तदाबाची, रक्त पातळ करणारी किंवा प्रत्यारोपणानंतरची औषधे घेणारे, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये. ज्यांनी तो आधीच सुरू केला आहे आणि ज्यांना लघवी कमी होणे, पायांवर सूज, सतत मळमळ, हातापायांत विलक्षण अशक्तपणा किंवा छातीत धडधड जाणवते आहे, त्यांनी ज्यूस ताबडतोब थांबवून डॉक्टरांकडे जावे, आणि रसात काय काय व किती घातले होते ते कागदावर लिहून बरोबर न्यावे. रक्ताच्या अहवालाचा अर्थ लावताना डॉक्टरांना त्या कागदाचा उपयोग होतो.

कळावे.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त आहारतज्ज्ञ