दार धरून ठेवू नका

मा. संपादक,

माझ्या पुतणीला नुकतीच बेळगावच्या सांबरा विमानतळावर कंत्राटी नोकरी लागली. गळ्यात पास अडकवून ती पाया पडायला आली, तेव्हा माझी एक चूक तिला सांगितली. तीच इथे लिहितो.

मी दुसऱ्या एका मोठ्या विमानतळावर सामान चढवायच्या कामाला होतो. एका पहाटे कार्ड लावून आत शिरताना मागून खोके घेऊन येणाऱ्या माणसासाठी मी दार धरून ठेवलं. माणुसकी म्हणून. त्याच्या गळ्यात पास नव्हता, हे मी पाहिलंच नाही. पाहिलं ते झाडू मारणाऱ्या मावशींनी. बादली तिथेच ठेवून त्यांनी जवानाला हाक मारली. माणूस निरुपद्रवी निघाला, वाट चुकलेला. पण बोलणी मी खाल्ली, आणि मावशींना शाबासकी कुणी दिली नाही. ते अजून सलतं.

अशी नजरचूक किती महाग पडते, पाहा. 1985 साली एअर इंडियाच्या 'कनिष्क' विमानात बॉम्बस्फोट होऊन 329 माणसं गेली. ज्या बॅगेत बॉम्ब होता तिचा प्रवासी विमानात चढलाच नव्हता.

सुरक्षा जवान सगळीकडे नसतात. लोडर, सफाईवाले, कॅन्टीनची पोरं असतात. त्यांना पहिल्याच आठवड्यात, मराठी-कन्नडमधून, काय दिसलं तर कुणाला सांगायचं हे शिकवा. शंका खोटी ठरली म्हणून कुणाचा पगार कापू नका. आणि सांगणाऱ्याचं नाव सगळ्यांसमोर घेऊन कौतुक करा.

— एक निवृत्त लोडर, सांबरा (ता. बेळगाव)