रुग्ण दिवेलागणीला तांब्या पालथा का घालतात?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या रिक्त पदांची बातमी आपल्या अंकात वाचली. किती पदं रिकामी आहेत ते बातमीत होतं, पण त्यामुळे खाटेवरच्या माणसाचं नेमकं काय होतं ते नव्हतं. दोष वार्ताहराचा नाही. आमच्या पेशातल्या लोकांनीच ते कधी धडपणे मोजलेलं नाही.

मी आधी वॉर्डात अधिपरिचारिका होते, नंतर निवृत्तीपर्यंत नर्सिंग कॉलेजात शिकवलं. गेल्या पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि नऊ दिवस एका रुग्णालयाच्या (नाव मुद्दाम देत नाही) जनरल वॉर्डात काढले. इतकी वर्षं वॉर्ड उभ्यानं पाहिला होता, या वेळी आडवं पडून पाहिला.

शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या. हाड ओढून धरायला पायाला ट्रॅक्शनचं वजन लावलेलं, त्यामुळे उठायची सोय नाही. दिवेलागणी झाली की त्या तांब्या पालथा घालायच्या. मी म्हटलं, "आजी, पाणी प्या की." तर म्हणाल्या, "रातच्याला भांडं कुणाकडं मागायचं, बाई? ती पोर एकलीच पळतीया." भांडं म्हणजे लघवीचं, बेडपॅन. ती पोर म्हणजे नाइट ड्यूटीची सिस्टर. तिच्याकडे चाळीसेक पेशंट, आणि मावशी दोन वॉर्डांत मिळून एक. पाचव्या दिवशी आजींना थंडी वाजून ताप आला, लघवीला जळजळ होऊ लागली, अँटिबायोटिक सुरू झालं. केस पेपरवर 'युरिन इन्फेक्शन' लागलं. आता ते पाणी कमी पडल्यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, त्याला इतरही कारणं असतात. पण तांब्या पालथा होता, ही नोंद कुठल्याच कागदावर नव्हती. आणि खरं सांगायचं तर तोवर मीही संध्याकाळचा चहा सोडला होता.

आपल्याकडे नर्सिंगमध्ये संशोधन होत नाही असं नाही. बी.एस्सी.ला गटात प्रकल्प असतो, एम.एस्सी.ला प्रबंध लागतोच. पण विषय बघा: 'निवडक नर्सिंग महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या अमुकविषयक ज्ञानावर नियोजित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता'. 'अमुक'च्या जागी स्वाइन फ्लू घाला, नाहीतर मोबाइलचं व्यसन घाला. साठ मुलं, तीस प्रश्नांची प्री-टेस्ट, पाऊण तासाचा पाठ आणि सातव्या दिवशी पुन्हा तेच तीस प्रश्न. गुण वाढतात. न वाढून सांगतात कुणाला! शिकवलं की मुलांना थोडंफार कळतं, हे सिद्ध करून आपण काळ्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरं छापतो आणि प्रबंध लायब्ररीच्या कपाटात जातो. अशा कित्येक प्रबंधांवर गाइड म्हणून माझी सही आहे, त्यामुळे ही तक्रार मी स्वतःला वगळून करत नाही. एका मुलीला वॉर्डातल्या रात्रीच्या गोंगाटाबद्दल रुग्णांशी बोलायचं होतं. मीच तिला म्हटलं, परवानग्यांत वर्ष जाईल, त्यापेक्षा टीचिंग प्रोग्रॅम घे. तिनं निमूट घेतला.

आकड्यांना काय वजन असतं ते अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात दिसलं. लिंडा एकेन या नर्स-संशोधिका. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत, नर्समागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसते, असा तो निष्कर्ष. २०१४ साली युरोपातल्या नऊ देशांच्या पाहणीतही हेच दिसलं. शिवाय पदवीधर नर्सेसचं प्रमाण जास्त तिथे मृत्यू कमी, हेही. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स आणि इतर रुग्णालयांत पाचांमागे एक असा आहे. मोर्चात आम्ही तो घोषणेसारखा म्हणतो. पण निकष मोडल्यावर आमच्याच वॉर्डात काय बिघडलं, असं कुणी विचारलं तर दाखवायला कागद नसतो.

मृत्यू ही तर टोकाची गोष्ट. त्याच्या अलीकडे बरंच काही रोज राहून जातं. बिअट्रिस कॅलिश या अमेरिकेतल्याच संशोधिकेनं २००६ साली नर्सेसना एकत्र बसवून, कामाच्या रेट्यात काय काय राहतं ते त्यांच्याच तोंडून काढून घेतलं. रुग्णाला चालवणं, कूस बदलून देणं, भरवणं, तोंड धुणं-अंग पुसणं, घरी जाताना समजावून सांगणं, धीर देणं. वाचताना मला आमचाच वॉर्ड दिसला. इंजेक्शन राहत नाही, कारण त्याची सही असते. कूस राहते.

अमेरिकेतल्या रुग्णालयांतून घरी गेलेल्या रुग्णांना एक ठरावीक प्रश्नावली जाते. २००८ पासून तिचे निकाल रुग्णालयाच्या नावानिशी जाहीर होतात. रात्री खोलीच्या आसपास शांतता होती का आणि बेडपॅन हवं तेव्हा मदत मिळाली का, असे सरळ प्रश्न तिच्यात घातले होते. रुग्णांचं मत विचारणारं आपल्या केंद्र सरकारचं 'मेरा अस्पताल' २०१६ पासून आहे, चांगलंच आहे. पण 'कर्मचाऱ्यांची वागणूक' एवढ्या मोठ्या कप्प्यात आजींचा तांब्या मावत नाही. सिस्टर त्यांच्याशी गोडच बोलायची.

शिवाय विचारायचं कसं, हेही शिकावं लागतं. मला डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या खिडकीवर एक फॉर्म मिळाला. 'आपणांस प्राप्त झालेल्या परिचर्येबाबत आपण कितपत समाधानी आहात?' मुलानं माझ्या वतीनं 'उत्तम'वर खूण केली, कारण मागे रांग होती. इंग्रजीतून ओढूनताणून आणलेली ही भाषा आजींना कळणार नाही. आणि खाटेवर असताना विचाराल तर कुठलाही पेशंट "बरं हाय की" एवढंच म्हणेल. अजून चार दिवस त्याच माणसांच्या हातात काढायचे असतात ना! अमेरिकेतली ती प्रश्नावली डिस्चार्जनंतर दोन दिवस उलटल्यावरच देतात, ते उगाच नाही. आपल्याकडे टाके काढायला माणूस परत येतो, तेव्हा त्याला बाकावर बसवून त्याच्या बोलीत विचारावं. गणवेशातल्या सिस्टरनं नव्हे, साध्या कपड्यातल्या मुलीनं.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. नर्सिंगच्या एम.एस्सी.च्या प्रबंधांपैकी निदान अर्ध्यांचा विषय वॉर्डातून यावा, आणि तो सुचवायचा हक्क वॉर्डातल्या सिस्टर्सना असावा. निष्कर्ष दोन पानांत, मराठीत, त्याच वॉर्डाच्या ड्यूटी रूममध्ये लागावेत आणि एक प्रत अधिसेविकांकडे, म्हणजे मेट्रनकडे, जावी. रात्रपाळीला मावशी वाढवून मागताना त्यांच्या हातात काहीतरी असेल. यात सिस्टर्सवर ठपका येईल ही भीती मला ठाऊक आहे, मीही ती बाळगली होती. पण चाळीस पेशंट आणि दोन हात हे कागदावर आलं, तर ठपका कुणावर येतो ते वाचणाऱ्यालाच कळेल.

गोंगाटाचा विषय घेऊ पाहणारी ती मुलगी आता स्वतः शिकवते. तिला मी फोन केला होता. रात्रीच्या पाण्याचा विषय तिच्या एका विद्यार्थिनीला द्यायचं तिनं कबूल केलं आहे. परवानगीचा अर्ज गेला आहे, उत्तर अजून आलेलं नाही.

आपली,
एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका, सांगली