प्राथमिक शाळांतील रिक्त जागा वेतनासह जाहीर व्हाव्यात

माननीय संपादक,
सविनय नमस्कार.

पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणतात. मी मात्र या माहेरघरात सून म्हणून आले आहे, आणि नव्या सुनेला कोणते भांडे कुठल्या फडताळात आहे हे जसे कोणी आपणहून सांगत नाही, तसे इथल्या प्राथमिक शाळांत शिक्षकाची जागा कुठे रिकामी आहे हेही कोणी सांगत नाही.

मी मूळची परभणी जिल्ह्यातली. डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांची दोन वर्षांची पदविका पूर्ण करून टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पहिली ते पाचवीसाठीचा पेपर मी उत्तीर्ण झाले आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात पतीची बदली झाल्यामुळे आम्ही धायरीत भाड्याने राहू लागलो. जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांतील भरती ‘पवित्र’ संकेतस्थळामार्फत होते व त्यासाठी अभियोग्यता चाचणी द्यावी लागते. ही चाचणी पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसऱ्यांदा २०२३ च्या सुरुवातीला, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळाने, आणि तिसऱ्यांदा मे-जून २०२५ मध्ये. तिसरी चाचणी मी दिली आहे. परंतु तो गाडा आपल्या गतीने चालतो आणि घरभाडे मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला द्यावेच लागते, म्हणून खासगी विनाअनुदानित शाळांकडे वळणे मला भाग पडले. हे पत्र त्या शाळांविषयी आहे.

जून ते ऑगस्ट या काळात मी धायरी, वडगाव, नऱ्हे आणि आंबेगाव या भागांतील एकोणीस शाळांत स्वतः बायोडेटा घेऊन गेले. पाच ठिकाणी तो वॉचमननेच फाटकावर ठेवून घेतला. जिथे आत जाता आले तिथे पहिला प्रश्न शिक्षणाचा किंवा अनुभवाचा नसे. ‘कोणाच्या ओळखीने आलात?’ हा असे. पुढे हळूहळू कळत गेले की बहुतेक जागा शिक्षिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरणाऱ्या निरोपांतून, आणि त्याही मार्च-एप्रिलमध्येच, भरल्या जातात. जूनमध्ये शाळा उघडते म्हणून जूनमध्ये चौकशीला जाणारी माझ्यासारखी बाई तोवर दोन महिने उशिरा पोहोचलेली असते. एका शाळेने ‘डेमो’ म्हणून सलग तीन दिवस दुसरीचा वर्ग माझ्याकडे सोपवला. मीही रात्री जागून टाचण काढले, चित्रे रंगवली. चौथ्या दिवशी समजले की वर्गशिक्षिका तीन दिवसांच्या रजेवर होत्या आणि आता त्या रुजू झाल्या आहेत.

दुसरा अनुभव अधिक सविस्तर सांगायला हवा, कारण त्यात केवळ माझी गैरसोय नाही, तर कायद्याचे अज्ञान आहे. निदान सहा शाळांत मला ‘बी.एड. असते तर विचार केला असता’ असे उत्तर मिळाले. वास्तविक पहिली ते पाचवीच्या शिक्षकाची किमान पात्रता शिक्षण हक्क कायद्याखाली राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद ठरवते. या परिषदेने २०१८ मध्ये बी.एड. धारकांनाही, नियुक्तीनंतर सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या अटीवर, या वर्गांसाठी पात्र ठरवले होते. ती अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये अमान्य केली. लहान मुलांना शिकवण्याचे कौशल्य वेगळे असते आणि त्याचे प्रशिक्षण पदविकेतच मिळते, असा त्या निकालाचा आशय आहे. हातच्याची वजाबाकी काड्यांच्या जुड्या सोडून कशी दाखवावी, जोडाक्षरांकडे केव्हा वळावे, वर्गात रडत बसलेल्या मुलाला आधी जवळ घ्यावे की पाटी द्यावी, हे आम्ही दोन वर्षे सराव पाठांमधून शिकलो. ज्या वर्गासाठी डी.एल.एड. हीच पात्रता आहे, त्याच वर्गासाठी ती उणीव ठरावी, याचे नवल वाटते. इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी माझे इंग्रजी संभाषण तपासले, याबद्दल मात्र माझी काहीही तक्रार नाही. ते कच्चे आहे आणि मी त्यावर मेहनत घेत आहे.

वेतनाचा उल्लेख सहसा तिसऱ्या भेटीत होतो. मला एका शाळेने दरमहा ८,००० रुपये देऊ केले, तेही वर्षातील दहाच महिने, आणि मूळ गुणपत्रिका मार्चअखेरपर्यंत कार्यालयात जमा ठेवण्याच्या अटीवर. नियुक्तिपत्राविषयी विचारल्यावर ‘ते दिवाळीनंतर पाहू’ असे सांगण्यात आले. मी नकार दिला. तुलनेसाठी सांगते, प्राथमिक शिक्षण सेवकाचे, म्हणजे शासकीय व अनुदानित शाळांत नव्याने लागलेल्या शिक्षकाचे, मानधन जानेवारी २०२३ पासून १६,००० रुपये आहे आणि तेही तुटपुंजेच समजले जाते. देऊ केलेल्या रकमेतून पीएमपी बसच्या मासिक पासचे १,५०० रुपये वजा केले, तर हाती काय उरते हे वाचकांना सांगायला नको. शिक्षण हक्क कायद्याखाली वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना मिळणाऱ्या पंचवीस टक्के राखीव प्रवेशांच्या शुल्काची प्रतिपूर्ती शासनाकडून वेळेवर होत नाही, ही संस्थाचालकांची तक्रार खोटी नाही, आणि प्रत्येक शाळेला शासकीय वेतनश्रेणी लगेच परवडेल असे मानण्याइतकी मी भाबडी नाही. पण वेतन कमी असणे वेगळे आणि ते उमेदवारापासून तिसऱ्या भेटीपर्यंत लपवणे वेगळे.

त्याच पंचवीस टक्के प्रवेशांच्या बाबतीत पालकांना घरापासून एक किलोमीटरच्या आत कोणती शाळा आहे आणि तिथे किती जागा आहेत हे शासनाच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसते. शाळांतील शिक्षकांची माहितीही दरवर्षी यू-डायस या शासनाच्या शालेय माहिती प्रणालीत भरली जाते. मग शिक्षकांच्या रिक्त जागा तशाच पद्धतीने का दाखवता येऊ नयेत? जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी आणि महापालिकेचा शिक्षण विभाग यांनी आपल्या हद्दीतील प्रत्येक मान्यताप्राप्त खासगी प्राथमिक शाळेकडून दरवर्षी मार्चमध्ये इयत्ता, माध्यम, आवश्यक पात्रता, मासिक वेतन आणि किती महिने ते मिळणार, एवढी पाचच माहितीची घरे भरून घ्यावीत व ती यादी सर्वांना पाहता येईल अशी प्रसिद्ध करावी. वर्षाच्या मध्ये जागा रिकामी झाली तर तीत भर घालावी. मूळ प्रमाणपत्रे पडताळून त्याच दिवशी परत द्यावीत, अशी लेखी सूचनाही याच वेळी शाळांना द्यावी. शिक्षण आयुक्तालय, परीक्षा परिषद, बालभारती ही सारी कार्यालये याच शहरात आहेत, तेव्हा अशा यादीची सुरुवात पुण्यापासून करणे अवघड जाऊ नये.

सप्टेंबरपासून मी एका लहान शाळेत अर्धवेळ शिकवते. ही जागा मला खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या भाचीने सांगितली, म्हणजे शेवटी ओळखीनेच मिळाली. माझ्या वर्गात एकतीस मुले आहेत. येत्या मार्चमध्ये मला पुन्हा पूर्णवेळ जागा शोधायची आहे, आणि तेव्हा ती यादी कुठेतरी पाहायला मिळावी, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका, धायरी, पुणे