खेळाडू जमवून देणाऱ्या ताईला

ताई,

आमच्या ऑनलाइन रोलप्लेइंग खेळात एकाच जगात दोन टेबलं, म्हणजे खेळाडूंचे दोन गट, वेगवेगळ्या वारी खेळतात; त्यातल्या मंगळवारच्या टेबलाने काल नदीकाठी पोचल्यावर जो आरडाओरडा केला ना, तो तू ऐकायला हवं होतंस. झालं असं की शनिवारच्या टेबलाने मागे लागलेल्या गॉब्लिनांना अडवायचं म्हणून लाकडी पूल जाळून टाकला, मस्त विजयी वगैरे होऊन घरी गेले, आणि तीन दिवसांनी मंगळवारवाले धान्याच्या पोत्यांनी भरलेली गाडी घेऊन त्याच पुलावर आले, म्हणजे पूल होता तिथे आले. मी गप्प. मंगळवारचा डीएम, म्हणजे तो खेळ चालवणारा, शांतपणे म्हणाला, समोर फक्त जळके खांब दिसतायत. चार जणांनी एकदम माईक ऑन केले आणि पुढची दहा मिनिटं नुसता गोंधळ. कोणी केलं हे, का केलं, शनिवारवाल्यांना भेटू दे मग बघतो. मी फक्त ऐकत बसलेलो, कानात हेडफोन आणि चेहऱ्यावर बावळट हसू, आणि डोक्यात एकच की हे ताईला सांगायलाच पाहिजे. ते नदी पार कशी झाले ते शेवटी सांगतो, त्यात तुझाच हात आहे.

आधी आभार. आणि सगळ्यांसमोर, कारण आपल्यात दोन ओळींचे थँक्स बऱ्याच वेळा झालेत पण त्यात तू नक्की काय काय केलंस हे कुठेच आलं नाही.

माझी पहिली जाहिरात आठवते का? तुला आठवत असणारच, तू त्यावरून मला अजून चिडवतेस. अडीच हजार शब्द. सात देवांची वंशावळ, तेरा महिन्यांचं कॅलेंडर, दोन साम्राज्यांमधलं तीनशे वर्षांचं वैर, आणि सगळ्यात खाली एका ओळीत ‘खेळाडू हवेत, इच्छुकांनी मेसेज करा’. तेवीस जणांनी ‘इंटरेस्टेड’ म्हणून लिहिलं. मी हवेत. अकरा जणांनी फॉर्म भरला, पहिल्या रात्री तिघं आले, दुसऱ्या आठवड्यात एक आला आणि त्यालाही वाटत होतं की आपण चुकीच्या चॅनेलवर आलोय. तिसऱ्या आठवड्यात मी व्हॉइस चॅनेलमध्ये पाऊण तास एकटा बसलो, नकाशा उघडून, टोकन मांडून. तेव्हा तू मेसेज केलास. आपली ओळख म्हणजे एका वनशॉटपुरती, म्हणजे एकाच बैठकीत संपणाऱ्या खेळापुरती, तीही जुनी. तू एवढंच विचारलंस, ‘तुझी जाहिरात वाचली रे, पण पहिल्या रात्री खेळाडूने नक्की करायचं काय?’

माझ्याकडे उत्तरच नव्हतं. देवांची वंशावळ होती.

मग आपण कॉलवर बसलो आणि तू ती जाहिरात अक्षरशः कापून काढलीस. कुठला वार, किती वाजता, किती तास, कुठली सिस्टिम आणि कुठली आवृत्ती, माईक लागतो का नुसतं टाइप केलं तरी चालतं, नवखा चालेल का, जागा किती, कॅरेक्टर मरतं का आणि मेलं तर पुढे काय, मारामारी जास्त की बोलणं जास्त. जगाबद्दल फक्त तीन ओळी ठेवल्यास: नदीच्या अलीकडे एकच वस्ती, पलीकडे कोणी गेलेलं नाही, तुम्ही जाणार आहात. मी म्हणालो, पण ताई, देव? तू म्हणालीस, ‘देव राहू दे, भेटतील वाटेत.’ मला राग आलेला खरं सांगायचं तर. दोन वर्षं खपून लिहिलेलं जग आणि ही बाई म्हणते राहू दे. पण दोन दिवसांनी ती छोटी जाहिरात लावली आणि पहिल्यांदाच लोकांनी मला प्रश्न विचारले. नदीच्या पलीकडे काय आहे म्हणून विचारलं!

दुसरी गोष्ट मला तेव्हा कळलीच नव्हती, की शेअर्ड वर्ल्डसाठी, म्हणजे अनेक गट मिळून खेळतात अशा एका जगासाठी, माणसं जमवणं आणि एका टेबलासाठी पाच जण शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत. मी पाच जण शोधत होतो, तेच पाच, दर आठवड्याला, वर्षभर. तू मला जुना इतिहास काढून दाखवलास. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पहिल्या पुस्तिका आल्या त्यातच लिहिलंय की एका कॅम्पेनमध्ये, म्हणजे सेशनमागून सेशन चालणाऱ्या खेळात, चार ते पन्नास खेळाडू चालतात आणि साधारण वीस खेळाडूंमागे एक रेफरी, म्हणजे आपला डीएम, असावा. पन्नास! म्हणजे एक जग, त्यात येणारी जाणारी भरपूर माणसं, ही कल्पना नवीन नाहीच, आपणच मधे कधीतरी ‘आमचा ग्रुप, आमची स्टोरी’ करून बसलो. मग लिव्हिंग ग्रेहॉकचं सांगितलंस, २००० ते २००८ चाललेलं, त्यात नकाशावरची राज्यं खऱ्या जगातल्या प्रदेशांना वाटून दिलेली आणि हजारो लोक एकाच जगात खेळायचे. आणि बेन रॉबिन्सची वेस्ट मार्चेस नावाची कॅम्पेन, ठरलेला वार नाही, ठरलेला ग्रुप नाही, ठरलेली स्टोरी नाही, कुठे जायचं आणि कधी जायचं हे खेळाडूंनीच आपापसात ठरवायचं आणि डीएमला सांगायचं. हे ऐकून माझ्या डोक्यातली गाठ सुटली. मला एक पक्की टोळी नकोच होती, मला पंधराएक जणांचा कट्टा हवा होता, ज्यातले कोणतेही चार जमले की निघाले.

आणि त्यासाठी तू जो नियम लावलास तो माझ्या मते आमच्या अख्ख्या कॅम्पेनचा पाया आहे: सेशन संपताना सगळ्यांनी वस्तीत परत आलंच पाहिजे. दिसायला किती साधं. पण यामुळे कोणाची परीक्षा आली, कोणाचं मूल आजारी पडलं, कोणाची शिफ्ट बदलली तरी त्याचं कॅरेक्टर कुठल्यातरी गुहेत अडकून राहत नाही आणि बाकीचे खोळंबत नाहीत. त्याला जोडून दुसरा नियम, खऱ्या जगातला एक दिवस म्हणजे तिकडचा एक दिवस. गायगॅक्स १९७९ च्या डीएमच्या पुस्तकात वेळेची नोंद ठेवा म्हणून का एवढा कंठशोष करत होता ते मला पूल जळल्यावर कळलं. नोंद नसती तर मंगळवारवाले बिनधास्त पुलावरून गेले असते.

आता फॉर्मबद्दल. ‘हौशे, नवशे, गवशे’ हे तीन कप्पे तूच केलेस आणि आमच्याकडे आता तेच शब्द रूढ झालेत. हौशे म्हणजे ज्यांना खरंच खेळायचंय, नवशे म्हणजे कधीच खेळले नाहीत पण जीव तुटतोय, आणि गवशे म्हणजे दिसेल तिथे फॉर्म भरून ठेवणारे. मला वाटायचं नवशांना टाळावं, शिकवत बसावं लागतं. तू उलटं केलंस, नवशे आधी घे म्हणालीस, ते वेळेवर येतात. येतात खरंच! गवशांना गाळायला तू एकच प्रश्न घातलास: दुसऱ्या कोणाच्या कॅरेक्टरने केलेली, लक्षात राहिलेली एक गोष्ट सांग, आणि कधी खेळला नसशील तर कुठल्याही खेळातली सांग. एकाने चार पानी बॅकस्टोरी जोडलेली, अनाथ राजपुत्र, शापित तलवार, सगळं, आणि या प्रश्नाखाली एक डॅश. दुसरीने कधी फासा हातात धरलेला नव्हता, तिने लिहिलं की लहानपणी लपाछपीत धाकटा भाऊ मुद्दाम वाईट जागी लपायचा कारण त्याला सापडायला आवडायचं. मी तो फॉर्म वाचून तुला लगेच फोन केला. ती आता आमची सगळ्यात जुनी खेळाडू आहे.

सव्वीस फॉर्म आले त्या वेळी आणि आपण नऊ जण घेतले. उरलेल्या सतरांचं काय करायचं, मी म्हणालो काही नाही, कळेल त्यांना. तेव्हा तू जी झापलीस ती अजून आठवते. सतरा जणांना सतरा वेगळी उत्तरं लिहायला लावलीस, दोन-दोन ओळींची का होईना, आणि खोटं कारण द्यायचं नाही ही अट. वार जुळत नाही, तुला जसा खेळ हवाय तसा इथे नाही, जागा नाही पण वेटिंग लिस्टवर ठेवू का. मला तीन संध्याकाळी लागल्या आणि मी मनातल्या मनात तुला भरपूर शिव्या घातल्या. त्यातल्या चौघांनी वेटिंग लिस्टवर राहतो म्हणून कळवलं. त्या चौघांपैकी एक जण म्हणजे आमचा मंगळवारचा डीएम. बघ म्हणजे. मी उत्तर न देता सोडणार होतो तो माणूस आज माझं अर्धं जग चालवतोय, आणि माझ्यापेक्षा बरं चालवतोय हे त्याला सांगू नकोस.

टाइमझोनचं प्रकरण पण तुझ्यामुळेच मार्गी लागलं नाहीतर नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात तशी गत होती. मार्चमध्ये अमेरिकेतली घड्याळं दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि युरोपातली शेवटच्या रविवारी, म्हणजे मधले दोन-तीन आठवडे निम्मे लोक एक तास लवकर नाहीतर उशिरा, आणि प्रत्येकाला वाटतं दुसराच चुकलाय. तू डिस्कॉर्डचा टाइमस्टॅम्प टाकायला शिकवलंस, ज्याला त्याला आपापल्या घड्याळाप्रमाणे वेळ दिसते. हा शोध मला आधी लागला असता तर माझी दोन भांडणं वाचली असती.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललेलं, पण लिहितोच. पहिल्या बॅचमधे एक जण होता, नियम तोंडपाठ, आवाज भारी, आणि नवीन आलेल्या मुलीला प्रत्येक टर्नला ‘असं नाही करायचं’ म्हणून तोडणारा. सेशन झिरोमधे, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत, आपण काय चालेल काय नाही हे ठरवलेलं, खेळ थांबवायला एक्स कार्डही ठेवलेलं, पण ते त्याच्यासमोर वापरायचं धाडस कोणालाच होईना. मी टाळत राहिलो. चांगला खेळतो, माणसं आधीच कमी, गेला तर टेबल मोडेल. तू म्हणालीस, ‘तो एक राहावा म्हणून चार जण न सांगता जातील, आणि तुला वाटेल की ते बिझी झाले.’ मेसेज आपण मिळून लिहिला, तीन ओळींचा, ना आरोप ना भाषण. तो गेला. पुढच्या आठवड्यात त्या मुलीने पहिल्यांदा स्वतःहून प्लॅन मांडला, आणि तो फसला, आणि सगळे हसले, ती पण.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते त्या सहा आठवड्यांचे. तुझं स्वतःचं टेबल चालू होतं, वेळ नव्हताच, तरी तू म्हणालीस की रिकाम्या टेबलावर कोणी बसत नाही, आणि दर शनिवारी चौथी खेळाडू म्हणून येत राहिलीस. तुझी ती म्हातारी नावाडीण, हातात वल्हं, तोंडात शिव्या. तू मुद्दाम कधीच पुढे आली नाहीस. कोणी अडखळलं की म्हातारी एवढंच विचारायची, ‘बाळा, तुझ्या मनात काय आहे?’ आणि समोरचा बोलायला लागायचा. मी नंतर मोजलं, सहा सेशनमधे तू तेरा वेळा हल्ला केलास आणि त्यातले नऊ चुकले, आणि तरी सगळ्यांना ती म्हातारीच पाठ आहे. मग पाचवा खेळाडू पक्का झाला त्या रात्री तू होडी वाळूत ओढलीस, उलटी करून ठेवलीस, ‘मी जरा लेकीकडे जाऊन येते’ म्हणालीस आणि गेलीस. मला वाटलं नाटक करतेय. पुढच्या शनिवारी तू आली नाहीस तेव्हा कळलं की तू खरंच जागा रिकामी करून गेलीस.

तर काल. मंगळवारवाले जळक्या खांबांपाशी भांडून दमले, गाडी परत न्यायची का यावर आले, आणि ती लपाछपीवाली म्हणाली मी काठाकाठाने खाली जाऊन बघते. डीएमने तिला वीस बाजूंचा फासा टाकायला सांगितला, तिला सतरा आले. तो म्हणाला, ‘वाळूत एक होडी उलटी घालून ठेवलीये.’ मी त्याला हे कधीच सांगितलं नव्हतं ताई. त्याने येण्याआधीचे सगळे जुने सेशन लॉग बसून वाचलेत, त्यात ती एक ओळ होती, म्हातारीने होडी वाळूत ठेवली, आणि त्यानंतर कोणी ती हलवल्याची नोंद नाही म्हणजे ती तिथेच असणार. चॅनेल दोन सेकंद एकदम शांत. मग जुन्यांपैकी एक जण म्हणाला, ‘अरे, ही म्हातारीची!’ आणि नव्यांना म्हातारी कोण ते सांगण्यात पुढची वीस मिनिटं गेली, पोती तशीच.

पोती चार खेपांत पार झाली. तिसऱ्या खेपेला कोणाला तरी फाशावर एक आला, म्हणजे सगळ्यात वाईट, त्यामुळे आता होडीच्या तळाला मुठीएवढं भोक आहे, त्यात कोणाचा तरी मोजा कोंबलाय, आणि रॉग, म्हणजे आमचा चोर, म्हणतो त्याचा काही संबंध नाही. लेकीकडून परत आलीस की तूच बघ त्याच्याकडे. शनिवारी एक जागा आहे.

तुझा,
अडीच हजार शब्दवाला